घर आणि कार्यालय यांच्यामधील ये-जा : साथीच्या काळातील ताण कसा आवरावा

मार्च २०२० ते एप्रिल २०२२ या कोविडच्या साथीच्या काळात मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि पुणे येथील नोकरदारांना कामाची जागा पुन्हा पुन्हा बदलावी लागली. २२ मार्च २०२० च्या जनता कर्फ्यूनंतर उपनगरी रेल्वे सर्वसामान्य प्रवाशांसाठी बंद झाली आणि ज्यांचे काम संगणकावर होऊ शकत होते ते सारे घरी बसले. जूनमध्ये राज्य सरकारने ‘पुनश्च हरिओम’ म्हणत खासगी कार्यालयांना १० टक्के उपस्थितीची मुभा दिली आणि सप्टेंबरमध्ये ती ३० टक्क्यांवर नेली. १ फेब्रुवारी २०२१ पासून ठरावीक वेळांत सर्वांसाठी लोकल सुरू झाली, एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत ती पुन्हा मुख्यतः अत्यावश्यक सेवेपुरती उरली, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांना मासिक पास मिळू लागला. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनमुळे कार्यालयीन उपस्थिती निम्म्यावर आली, आणि २ एप्रिल २०२२ रोजी गुढीपाडव्याच्या दिवशी सारे निर्बंध उठले.

ही तारखांची माळ मुद्दाम मांडली आहे, कारण त्या दोन वर्षांतील ताणाचे मूळ तिच्यातच दिसते. घरून काम करणे अनेकांना जड गेले आणि कार्यालयात जाणेही भीतीचे होते. पण माणसे सर्वाधिक थकली ती या दोहोंमधल्या बदलाने. एक घडी नीट बसते न बसते तोच ती मोडून दुसरी बसवावी लागत होती, आणि ती किती दिवस टिकेल हे कोणालाच सांगता येत नव्हते. कामाच्या ताणाचा अभ्यास करणारे रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडले होते की, कामाच्या मागण्या मोठ्या असताना स्वतःच्या हातात निर्णय फारसे नसतील तर ताण वाढतो. साथीच्या काळातील बदल नेमका असाच होता. म्हणून या मार्गदर्शनाचा रोख एकाच गोष्टीवर आहे : बदल टाळता येत नसेल, तरी तो कसा, कधी आणि कोणत्या अटींवर व्हावा यातील जितके काही आपल्या हातात घेता येईल तितके घ्यावे. हे साथीसाठी लिहिले असले, तरी आठवड्यातील काही दिवस घरून आणि काही दिवस कार्यालयातून काम करणाऱ्यांना आजही त्याचा उपयोग होईल.

आधी ताण वेगवेगळा करावा

‘टेन्शन आले आहे’ असे आपण एका दमात म्हणतो, तेव्हा त्यात तीन-चार निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. बदलापुराहून रोज अंधेरीला येणाऱ्या कर्मचाऱ्याचा ताण मुख्यतः प्रवासाचा असतो. हिंजवडीत एकटे राहणाऱ्या तरुणाला प्रवासाचे फारसे काही वाटत नाही. त्याला खोलीतला एकटेपणा खातो आणि कार्यालय उघडल्याचा आनंदच होतो. घरात मधुमेही वडील असलेल्या स्त्रीला आपण आजार घरी नेऊ ही धास्ती असते, तर कंत्राटी कर्मचाऱ्याला ‘नाही’ म्हटले तर नोकरी राहील का ही चिंता असते. या सर्वांना एकच उपाय सांगणे व्यर्थ आहे.

म्हणून एका कागदावर तीन रकाने करावेत : आजाराची भीती, घरच्या व्यवस्थेची ओढाताण आणि नोकरीविषयीची काळजी. जे जे मनात येते ते त्या त्या रकान्यात लिहावे आणि प्रत्येकासमोर हा प्रश्न कोणाशी बोलून सुटेल हेही लिहावे. काहींसमोर डॉक्टर येतील, काहींसमोर नवरा, बायको किंवा सासूबाई, काहींसमोर मॅनेजर. काही नोंदींसमोर कोणाचेच नाव येणार नाही. त्या तशाच सोडाव्यात आणि रात्री झोपताना त्यांचा विचार सुरू झाला, तर ‘हे कागदावर आहे’ एवढे स्वतःला सांगावे. लिहिल्याने प्रश्न सुटत नाहीत, पण एकमेकांत गुंतलेले प्रश्न सुटे होतात आणि कोणापाशी काय मागायचे ते स्पष्ट होते.

बदलाच्या आधीचा आठवडा

‘उद्यापासून या’ असा निरोप ज्यांना रात्री नऊ वाजता व्हॉट्सअॅपवर मिळाला, त्यांच्या घरात त्या रात्री काय धावपळ झाली असेल याची कल्पना निरोप धाडणाऱ्याला बहुधा नसते. पाळणाघर बंद आहे, मावशी कामाला येत नाहीत, पास काढलेला नाही, अशा स्थितीत एका रात्रीत काहीही जमत नाही. म्हणून निरोप येण्याची वाट न पाहता आपणच आधी विचारावे. विचारणे लेखी असावे, नम्र असावे आणि त्यात तक्रारीऐवजी प्रस्ताव असावा. उदाहरणार्थ :

‘पुढील महिन्यापासून कार्यालयात उपस्थित राहावे लागेल असे समजले. माझी तयारी आहे. माझ्या घरी ज्येष्ठ नागरिक असल्याने व मुलीची शाळा अद्याप ऑनलाइन असल्याने मला व्यवस्था करण्यास किमान सात दिवस लागतील. मंगळवार आणि गुरुवार हे दोन दिवस निश्चित करून दिल्यास आणि येण्याची वेळ साडेअकराची ठेवल्यास गर्दीची वेळ टळेल. उर्वरित दिवशी मी नेहमीच्या वेळेत घरून उपलब्ध असेन.’

या मजकुरात तीन गोष्टी मागितल्या आहेत : पूर्वसूचना, ठरलेले वार आणि गर्दी टाळणारी वेळ. यांपैकी ठरलेले वार ही मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आठवड्यातून तीन दिवस जावे लागले तरी चालते. पण ते तीन दिवस कोणते हे रविवारी रात्रीपर्यंत कळत नसेल, तर सातही दिवस मन ताणलेले राहते. रोस्टर किमान दोन आठवड्यांचे मिळावे असा आग्रह धरावा, आणि तो एकट्याने धरण्यापेक्षा चार सहकाऱ्यांनी मिळून धरावा.

त्या आठवड्यात झोपेची वेळही सरकवून घ्यावी. घरून काम करताना साडेआठला उठण्याची सवय झालेल्याने पहिल्याच दिवशी साडेपाचला उठून ६:४० ची लोकल गाठण्याचा प्रयत्न केला, तर दुपारी त्याचे डोके चालत नाही आणि आपल्याला काम जमेनासे झाले की काय अशी भलतीच शंका येते. रोज वीस-पंचवीस मिनिटे आधी उठत गेल्यास आठवड्याभरात बराच पल्ला गाठता येतो. शक्य असल्यास सुटीच्या दिवशी एकदा कार्यालयापर्यंत जाऊन यावे. अनेक महिने स्थानकात पाऊलही न टाकलेल्या माणसाला पुलावरच्या गर्दीने धडधडू लागणे स्वाभाविक आहे. ती धडधड पहिल्यांदा कामाच्या दिवशी अनुभवावी लागू नये.

प्रवास, हवा आणि घरी परतणे

साथीच्या सुरुवातीला सर्वांचे लक्ष हात धुण्यावर, पिशव्या पुसण्यावर आणि भाज्या धुण्यावर होते. श्वसनाचा आजार मुख्यतः हवेतून पसरतो, बंद आणि कोंदट जागेत धोका वाढतो, हे नंतर अधिक स्पष्ट झाले. मे २०२१ मध्ये भारत सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने हवा खेळती ठेवण्याविषयी सविस्तर सूचना काढल्या आणि सूक्ष्म तुषार हवेतून दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात हे त्यांत सांगितले. ताणाच्या विषयात हे सांगण्याचे कारण असे की, भीती धूसर असते तोवर ती वाढत जाते, आणि विचारण्याजोगा नेमका प्रश्न हाती आला की ती आटोक्यात येते.

म्हणून कार्यालयात परतण्यापूर्वी ‘सुरक्षित आहे ना?’ असे न विचारता पुढील गोष्टी विचाराव्यात. वातानुकूलन बाहेरची ताजी हवा आत घेते की आतलीच फिरवते? खिडक्या उघडतात का? बैठकीच्या खोलीत एका वेळी किती जण बसणार आहेत? जेवणाच्या वेळा विभागल्या आहेत का? जेवताना प्रत्येकाचा मास्क निघतो, त्यामुळे शेवटचा प्रश्न क्षुल्लक समजू नये. हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र मिळते. माणसे बसलेल्या खोलीत आकडा सतत हजाराच्या वर राहत असेल, तर तेथे ताजी हवा पुरेशी येत नाही असे समजावे. कार्यालयाने असे एक यंत्र घेऊन त्याचा आकडा सर्वांना दिसेल असा ठेवला, तर भिंतीवरच्या दहा सूचनाफलकांपेक्षा त्याने अधिक दिलासा मिळेल.

घरी परतल्यावरचे नियम थोडे असावेत. दारातच कपडे काढून भिजत टाकणे, मोबाइलपासून किल्ल्यांपर्यंत सारे पुसणे, आंघोळ, गुळण्या, वाफ असा तासाभराचा क्रम अनेक घरांनी महिनोन्महिने पाळला. त्यात एखादी गोष्ट राहून गेली की अपराधी वाटे आणि घरात वाद होत. त्यापेक्षा दोन-तीनच नियम घरातील सर्वांनी मिळून ठरवावेत : प्रवासात चांगला, घट्ट बसणारा मास्क, घरी आल्यावर हात-पाय धुणे व कपडे बदलणे, आणि लक्षणे दिसताच वृद्धांपासून लगेच वेगळे राहणे. लहान मुलांना हे आधीच सांगून ठेवावे. आई दारात आल्यावर धावत जाऊन बिलगायचे नाही, हे मुलाला त्या क्षणी ओरडून सांगण्यासारखे क्लेशकारक दुसरे काही नाही.

प्रवासाची एक दुसरी बाजूही आहे. दीड तासाच्या लोकलमध्ये कितीही हाल झाले, तरी त्या वेळात माणूस कार्यालयातून मनाने बाहेर पडत असतो. गटातल्या गप्पा, एखादे भजनी मंडळ, कानातले गाणे किंवा नुसते खिडकीबाहेर पाहणे यांतून दिवस संपल्याची खूण मनाला मिळते. घरून काम सुरू झाले तेव्हा ही खूण नाहीशी झाली. ज्या दिवशी घरून काम असेल त्या दिवशी लॉगिनपूर्वी आणि लॉगआउटनंतर वीस मिनिटे बाहेर चालून यावे. बाहेर पडण्यास मनाई असेल तर गच्चीवर किंवा जिन्यात चालावे. हा व्यायामाचा सल्ला म्हणून देत नाही, व्यायाम झाला तर उत्तमच. काम संपले हे शरीराला कळावे हा त्याचा हेतू आहे.

घरातील कामाचा दिवस

कामासाठी स्वतंत्र खोली ठेवा, हा सल्ला डोंबिवलीच्या वन-आरके मध्ये राहणाऱ्या पाच माणसांच्या कुटुंबाला देणे म्हणजे त्यांची परिस्थिती न पाहणे होय. जागा वेगळी करता येत नसेल तेथे वेळ वेगळी करावी. घरातील सर्वांचे दिवसाचे वेळापत्रक एका कागदावर लिहून फ्रिजवर लावावे : कोणाची मीटिंग केव्हा, मुलाचा वर्ग केव्हा, कुकर केव्हा लावायचा, आजोबांचा टीव्ही केव्हा. दोन मीटिंगा एकाच वेळी आल्या तर कोण स्वयंपाकघरात बसेल हे आदल्या रात्री ठरावे. काम संपल्यावर लॅपटॉप, चार्जर आणि वही पिशवीत भरून कपाटात ठेवावी, म्हणजे जेवणाच्या पाटावर कार्यालय उरत नाही.

या ठिकाणी घरातील पुरुषांना एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. टाळेबंदीत स्वयंपाक, भांडी, मुलांचा अभ्यास आणि वृद्धांची औषधे यांचा भार बहुतांश घरांत नोकरी करणाऱ्या स्त्रीवरच पडला, आणि ‘घरीच तर आहेस’ हे वाक्य तिला दिवसातून अनेकदा ऐकावे लागले. घरी असणे म्हणजे मोकळे असणे नव्हे. ‘काही मदत हवी का?’ असे विचारल्याने भार हलका होत नाही, कारण काय करायचे ते लक्षात ठेवण्याचे काम तिच्याकडेच राहते. त्याऐवजी एक संपूर्ण जबाबदारी स्वतःकडे घ्यावी : रात्रीचे जेवण, सामान आणण्यापासून ओटा पुसण्यापर्यंत, किंवा मुलाची शाळा, गृहपाठापासून शिक्षकांच्या फोनपर्यंत. तिच्या कार्यालयाच्या दिवशी घर तिला फोन न करता चालले पाहिजे.

व्हिडिओ मीटिंगांचा थकवा खरा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये त्याची चार कारणे मांडली : अनेक चेहरे सतत जवळून आपल्याकडे पाहत आहेत असे वाटणे, पडद्यावर स्वतःचाच चेहरा दिसत राहणे, एका जागी जखडून बसावे लागणे आणि हावभाव समजण्यासाठी मेंदूला जादा कष्ट पडणे. त्यावरचे उपायही सोपे आहेत. स्वतःचे चित्र लपवावे, पडद्यावरची मीटिंगची खिडकी लहान करावी, कॅमेरा थोडा दूर ठेवावा आणि ज्या बैठकीत चेहरा पाहण्याची गरज नाही ती नुसत्या आवाजावर घ्यावी. पाठ आणि मान यांच्यासाठी खुर्चीला टेका, पायाखाली पाट आणि डोळ्यांच्या रेषेत पडदा एवढे साधले तरी पुष्कळ.

गावी जाऊन काम करणाऱ्यांनी वीज जाण्याच्या वेळा आणि नेटवर्कची अडचण मॅनेजरला पहिल्याच दिवशी कळवावी. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम आणि राऊटरसाठी लहान इन्व्हर्टर एवढी तयारी ठेवल्यास मीटिंगमधून अचानक गायब होण्याची धास्ती बरीच कमी होते.

मिश्र आठवडे आणि कामाचे तास

काही दिवस घर आणि काही दिवस कार्यालय असा आठवडा सुरू झाला की कामाचे प्रकार वेगळे करावेत. चर्चा, नव्या सहकाऱ्याला शिकवणे, मतभेद मिटवणे ही कामे कार्यालयासाठी ठेवावीत. अहवाल, हिशेब, कोडिंग यांसारखी एकाग्रतेची कामे घरासाठी. दोन तास प्रवास करून यायचे आणि दिवसभर कानाला हेडफोन लावून दुसऱ्या इमारतीतल्या माणसांशी बोलायचे, यासारखी चीड आणणारी गोष्ट नाही. कार्यालयात परतल्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत अवघड निर्णय किंवा मोठी सादरीकरणे ठेवू नयेत.

दोन्ही जागी काम सुरू आणि बंद करण्याची वेळ एकच असावी. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ अन्वये साथीच्या काळात कामगारांसाठी दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची कमाल मर्यादा होती, आणि काम घरून केले म्हणून माणसाची विश्रांतीची गरज काही कमी होत नाही. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून दूर राहण्याचा हक्क २०१७ पासून कायद्याने मान्य आहे आणि पोर्तुगालने साथीच्या काळातच, २०२१ मध्ये, मालकांवर तसे बंधन घातले. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये अशाच हक्काचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. कायदा नसताना टीमने आपसात ठरवून घ्यावे : रात्री आठनंतर निरोप टाकला तरी उत्तर सकाळीच अपेक्षित आहे, आणि खरोखर तातडीचे असेल तर फोन करावा.

टीमप्रमुखांसाठी

टीमप्रमुखाने बदलाची तारीख सांगताना कारणही सांगावे, कारण कारण कळले की नावडता निर्णयही पेलता येतो. कार्यालयात दिसणाऱ्यांनाच चांगली कामे आणि बढती मिळते अशी भावना घरून काम करणाऱ्यांत निर्माण होऊ देऊ नये. पहिल्या आठवड्यात लक्ष्ये थोडी कमी ठेवावीत. ‘अमुक तर रोज येतो’ अशी तुलना कोणाशीही करू नये. जो येऊ शकत नाही त्याच्या घरी कोण आहे हे आपल्याला ठाऊक नसते.

याहून कठीण प्रसंग वेगळा आहे. एप्रिल-मे २०२१ च्या लाटेत अनेकांनी आई-वडील, जोडीदार, भावंडे गमावली. एरवी घरी जाऊन भेटण्याची आपली रीत आहे. त्या काळी कोणी कोणाकडे जाऊ शकले नाही, अंत्यदर्शनही अनेकांना झाले नाही. असा सहकारी महिन्यांनंतर कार्यालयात येतो तेव्हा प्रत्येकाशी होणारी पहिली भेट हीच त्याच्यासाठी शोकाची भेट असते, आणि एका दिवसात वीस जणांनी तोच विषय काढला तर त्याला ते सोसत नाही. म्हणून प्रमुखाने किंवा जवळच्या मित्राने आदल्या दिवशी फोन करून विचारावे की, इतरांनी याविषयी बोललेले चालेल का, की काही दिवस नको. त्याचे उत्तर टीमला सांगावे. कोणते रुग्णालय होते, ऑक्सिजन मिळाला नाही का, लस घेतली होती का, हे प्रश्न कोणीही विचारू नयेत. ‘कामात मन रमव’ असेही म्हणू नये. ‘तुमच्या बाबांविषयी कळले, फार वाईट वाटले’ एवढे पुरे. ज्यांच्या शेजारच्या टेबलावरचा सहकारीच गेला आहे, त्यांना ती जागा कोणाला द्यायची हे ठरवताना विचारात घ्यावे.

मदत केव्हा घ्यावी

झोप न लागणे, क्षुल्लक कारणावरून चिडणे, रविवारी दुपारपासून पोटात गोळा येणे हे बदलाच्या काळात काही दिवस होते आणि बहुधा ओसरते. दोन आठवड्यांहून अधिक काळ ते टिकले, कामात किंवा घरात रोजचे व्यवहार अडू लागले, दारू किंवा झोपेच्या गोळ्यांवाचून रात्र जाईना, तर डॉक्टरांना भेटावे. जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे, आणि तेथे मराठीतून बोलता येते.

प्रत्येक थकवा मनाचा असतो असेही समजू नये. कोविड होऊन गेल्यावर अनेकांना कित्येक आठवडे दम लागणे, विसरभोळेपणा आणि थोड्या श्रमाने गळून जाणे असे त्रास झाले. त्यांना आळस किंवा ताण म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे आहे. अशा व्यक्तीने आधी शारीरिक तपासणी करून घ्यावी आणि डॉक्टरांकडून टप्प्याटप्प्याने रुजू होण्याची लेखी शिफारस आणावी, उदाहरणार्थ पहिले दोन आठवडे अर्धा दिवस आणि तोही घरून.

खर्चाची धास्ती असलेल्यांनी हे लक्षात ठेवावे की, मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांच्या उपचारांसाठीही विमा उपलब्ध करून द्यावयाचा आहे. आपल्या कार्यालयाच्या समूह विम्यात नेमके काय येते, बाह्यरुग्ण म्हणून घेतलेले समुपदेशन त्यात धरले जाते का, आणि त्याची माहिती मॅनेजरपर्यंत जाते का, हे तीन प्रश्न एचआरला ईमेलने विचारावेत आणि उत्तर जपून ठेवावे. डॉक्टरांकडे जाताना मागील दोन आठवड्यांतील झोपेच्या वेळा, कामाचे तास, आणि त्रास घरच्या दिवशी अधिक होतो की कार्यालयाच्या, याची नोंद सोबत न्यावी.